डी ड्राइव्हवर ठेवलंय, सेफ आहे!

दरवर्षी दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या रूमवर एक ठराविक पाहुणा येतो. फर्स्ट इयरचा, नाहीतर सेकंड इयरचा. घरून कॉम्प्युटरसाठी पैसे मंजूर झालेले असतात (घरी सांगितलेलं कारण : ऑटोकॅड आणि प्रोग्रॅमिंग!). स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची एक फेरी मारून झालेली असते आणि मोबाईलमध्ये कोटेशनचा फोटो असतो.

"दादा, जरा बघतोस का? काही चुकलंय का सांग."

मी बघतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड. एकेका ओळीवर हा पोरगा अर्धा तास बोलू शकतो. कुठल्या कार्डावर कुठल्या गेमला किती फ्रेम मिळतात हे त्याला मेकॅनिक्सच्या फॉर्म्युल्यांपेक्षा जास्त पाठ. कॅबिनेट तर असं, की गणपतीच्या मखराने लाजावं. आणि मग सगळ्यात शेवटी, एसएमपीएसच्याही खाली, एक ओळ : 'एसएसडी ५१२ + एचडीडी १ टीबी'. कंपनी नाही, मॉडेल नाही.

"ही कुठली रे?"

"माहीत नाही. दुकानवाला म्हणाला, स्टॉकमध्ये असेल ती टाकतो."

लग्नाच्या यादीत नवरदेवाच्या शेरवानीवर दोन पानं खर्च करावीत आणि खाली लिहावं, 'जेवण : असेल ते', तसला हा प्रकार.

तर मित्रांनो, हा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच : कॉम्प्युटरमधली बाकी प्रत्येक वस्तू बिघडली तर बाजारात पुन्हा मिळते. ड्राइव्ह बिघडली तर ड्राइव्हही मिळते, पण तिच्यात जे होतं ते मिळत नाही. म्हणून ड्राइव्ह निवडताना 'किती फास्ट' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, 'ही उद्या सकाळी मेली तर माझं काय जाईल?' आणि या पहिल्या प्रश्नासाठी कोटेशनमध्ये पैसे राखून ठेवले नसतील, तर ते कोटेशन अपुरं आहे. मग ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असो.

खड्ड्यात गेलेले खड्डे

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. तिसऱ्या वर्षी ते मी तिघांच्या मार्कांच्या भावाने विकत घेतलं.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता फोटोवरून रस्त्यातले खड्डे ओळखणारा प्रोग्रॅम. मुंबईच्या उपनगरात राहून याहून सोपा कच्चा माल कुठला? ग्रुपमध्ये तिघं. एक मुलुंडकर, एक बोरिवलीकर आणि मी, साताऱ्याहून आलेला हॉस्टेलवाला. जून ते सप्टेंबर आम्ही फोटो काढत फिरलो. मुलुंडकर एलबीएस मार्गावर, भांडुपपासून घाटकोपरपर्यंत. बोरिवलीकर सकाळी सातला एस. व्ही. रोडवर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन. मी अंधेरी-कुर्ला रोडवर, साकीनाक्याच्या त्या जगप्रसिद्ध ट्रॅफिकमध्ये. रिक्षावाले विचारायचे, "पेपरवाले हो क्या?" चार हजारांवर फोटो जमले. मग प्रत्येक फोटोत प्रत्येक खड्ड्याभोवती माऊसने चौकट आखायची. त्यात तीन आठवडे गेले.

हे सगळं माझ्या मशीनवर होतं, कारण ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे. २५६ जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज. १ टीबीची हार्ड डिस्क, तिचे दोन भाग, डी आणि ई. प्रोजेक्ट डी वर होता. आणि मी पडलो हुशार, म्हणून त्याची एक कॉपी ई वर. दोघांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "टेन्शन घेऊ नका, दोन ठिकाणी आहे." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि फोनमधली जागा भरली म्हणून मूळ फोटो उडवून टाकले. मीही उडवले.

मार्चमधल्या एका रात्री गेम लोड होता होता अडकला. कॅबिनेटमधून आवाज आला. टक... टक... टक. पाल चुकचुकावी तसा. रीस्टार्ट केलं. सी आला. डी नाही. ई पण नाही.

डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क कानाशी धरली आणि डॉक्टरसारखी मान हलवली. आतलं हेड गेलंय, डिस्क उघडावी लागेल, तरी खात्री देत नाही. त्याने सांगितलेला आकडा माझ्या ग्राफिक्स कार्डाहून मोठा होता. मी डिस्क घेऊन परत आलो.

बोरिवलीकर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "डी आणि ई वेगळ्या डिस्क नसतात का?" गाइड सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खड्ड्यांचं काय, येत्या जूनमध्ये परत येतील. सबमिशन एप्रिलमध्ये आहे." शेवटी नेटवरून परदेशी रस्त्यांचे तयार फोटो उतरवून प्रोजेक्ट उभा केला. त्या रस्त्यांवर खड्डेसुद्धा शिस्तीत होते. मार्क मिळायचे तेवढे मिळाले. पण पुढे महिनाभर बोरिवलीकर माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तिचं काही चुकलं नाही.

ग्राफिक्स कार्डाला मात्र काहीही झालं नव्हतं. ते अजून ठणठणीत आहे.

पार्टिशन म्हणजे काय?

'डी वर ठेवलंय, सेफ आहे' हे वाक्य तुम्ही आपल्या हॉस्टेलमध्ये, लॅबमध्ये, ऑफिसमध्येही ऐकलं असेल. त्याला एक खरं कारण आहे. विंडोज करप्ट झालं की इंजिनिअर येऊन सी फॉरमॅट करायचा, आणि डी वरचे फोटो-गाणी शाबूत राहायची. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या एक समज पक्का झाला, की डी म्हणजे तिजोरी.

मुंबईकराला पार्टिशन समजावून सांगायची गरज पडू नये. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मध्ये प्लायवूड लावलं, की एका खोलीच्या दोन होतात. इकडे आजोबा, तिकडे टीव्ही. रंग द्यायचा तर एक खोली रिकामी करता येते. पण चाळ पडली तर 'आमची आतली खोली वाचली' असं कोणी म्हणतं का? सी, डी, ई यांचं तसंच आहे. एका डिस्कला किती का अक्षरं द्या, हेड एकच, मोटर एकच, सर्किट बोर्ड एकच. सॉफ्टवेअर बिघडलं तर पार्टिशन वाचवतं. डिस्क बिघडली तर सगळी मुळाक्षरं एकदम जातात.

आता ती ओळ भरू या

एवढं प्रवचन झाल्यावर ज्युनिअर म्हणतो, "ते ठीक आहे दादा, पण घेऊ काय?" रास्त प्रश्न आहे.

हार्ड डिस्कचं गणित फिजिक्सच्या पहिल्या चॅप्टरचं आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला साधारण ८ ते ९. बेरीज १३ च्या आसपास. म्हणजे विखुरलेल्या फाइल वाचायच्या तर सेकंदाला ७५-८० उड्या, बस्स. गेममध्ये अशा छोट्या छोट्या फाइल हजारोंनी असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिथे एक उडी मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. म्हणून विंडोज आणि गेम एसएसडीवरच हवेत, यावर वाद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफील्ड'ने तर किमान गरजेतच एसएसडी लिहिली, आणि 'सायबरपंक २०७७'नेही त्याच वर्षी तेच केलं.

वाद पुढे सुरू होतो. साटा केबलवाली एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, कारण ६ गिगाबिटची ती वाटच तेवढी रुंद. बोर्डवर आडवी बसणारी, च्युइंगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई एसएसडी जेन ३ मध्ये ३५०० पर्यंत, जेन ४ मध्ये ७००० पर्यंत आणि जेन ५ मध्ये १४,००० एमबीपर्यंत जाते. आकडे वाचून तोंडाला पाणी सुटतं. पण गेम लोड होताना डेटा नुसता वाचायचा नसतो. तो उलगडायचा असतो, मांडायचा असतो, आणि ते काम प्रोसेसरचं. स्वयंपाकघरात भाजी ट्रकने आणून टाकली तरी चिरणारी बाई एकच असेल, तर जेवण लवकर तयार होत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात तर फरक मिनिटांचा दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर, किंवा जेन ३ वरून जेन ५ वर गेलात, तर बहुतेक गेममध्ये काही सेकंदांचा. ही अडचण दूर करायला मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज काढलं आणि जानेवारी २०२३ मध्ये 'फोरस्पोकन' हा ते वापरणारा पहिला पीसी गेम आला. पण त्याच्या मागून आलेले गेम मोजकेच.

म्हणून माझं मत : हॉस्टेलच्या गेमिंग मशीनला जेन ५ म्हणजे एलबीएस मार्गावर फेरारी. चांगली जेन ३ किंवा जेन ४ पुरे. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

चांगली म्हणजे काय? एसएसडीच्या एका सेलमध्ये तीन बिट ठेवले तर टीएलसी, चार ठेवले तर क्यूएलसी. तीन बिटांना विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांना १६. डबा तोच, माणसं जास्त. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त, पण कमी टिकाऊ. शिवाय मोठी फाइल कॉपी करताना तिचा राखीव वेगवान भाग भरला, की काही क्यूएलसी ड्राइव्ह हार्ड डिस्कहूनही हळू होतात. टीएलसीच मागा. टिकाऊपणाचा मात्र बाऊ नको. १ टीबीच्या कित्येक टीएलसी ड्राइव्हना कंपनी ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. रोज ५० जीबी लिहिले तरी हा आकडा संपायला १२,००० दिवस लागतात, म्हणजे जवळपास ३३ वर्षं. तोवर तुमच्या केट्यासुद्धा सुटलेल्या असतील. पण ही हमी सेलच्या झिजेची आहे. ड्राइव्ह अचानक मरणारच नाही, असं त्या आकड्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आकार किती? ५१२ जीबी घेतलीत तर विंडोज ४७७ दाखवणार. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराने गुणते, विंडोज १०२४ ने. १ टीबीचे असेच ९३१ होतात. 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि 'बाल्डर्स गेट ३' हे दोघं मिळून ३०० जीबी मागतात. तेव्हा जमलं तर १ टीबी, नाही जमलं तर ५१२. पण मशीनमध्ये एकच चांगली एसएसडी. कोटेशनमधली ती आतली १ टीबी हार्ड डिस्क मी खोडतो.

गेम म्हणजे शेजारची साखर

इथे ज्युनिअरचा चेहरा पडतो. "मग गेम मावणार कसे?"

अरे, सगळे गेम एकदम कशाला हवेत? खेळून झाला की काढायचा. हॉस्टेलच्या नेटवर २० एमबीपीएस मिळाले असं धरलं, तर १५० जीबीचा गेम उतरायला साधारण सतरा तास लागतात, हे मान्य. पण स्टीमने २०२३ पासून एक सोय केली आहे : त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर तो गेम असेल, तर इंटरनेटऐवजी तिथून कॉपी होतो. गिगाबिट लॅनवर तेच १५० जीबी पाऊण तासाच्या आत, सगळं नीट चाललं तर पंचवीस मिनिटांत. गेम म्हणजे शेजारच्या घरची साखर. संपली तर वाटी घेऊन जायचं. विंग बी मध्ये कोणाकडे तरी असतेच.

आता असा एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, की शेजाऱ्याकडे, दुकानात, नेटवर, कुठेच मिळणार नाही असं तुमच्या मशीनवर काय आहे. प्रोजेक्टचा कोड. लॅबचे रीडिंग. आजीचा व्हिडिओ. गॅदरिंगचे फोटो. बहुतेकांची ही यादी ५०-१०० जीबीच्या पुढे जात नाही. गंमत बघा, कोटेशनमधले ड्राइव्हचे सगळे पैसे आपण साखरेच्या डब्यावर घालतो, आणि घरातलं सोनं त्याच साखरेत पुरून ठेवतो!

खोडलेल्या त्या हार्ड डिस्कचे पैसे म्हणून बाहेर ठेवायच्या यूएसबी हार्ड डिस्कवर घाला. आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवली तर ती पुन्हा चाळीतलीच खोली. व्हायरस आला किंवा विजेचा झटका बसला, की दोन्ही एकदम जायच्या. आणि इथे हार्ड डिस्कच का? एसएसडी डेटा विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास तो हळूहळू गळतो. पुरेपूर वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच या उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्या रूमचं मे महिन्यातलं तापमान तुम्हाला माहीतच आहे. कपाटात पडून राहायला हार्ड डिस्क बरी.

मुंबईत राहतोय म्हणून

माझा मामा २००५ साली कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचा. त्याचा असेंबल्ड पीसी, ८० जीबीची हार्ड डिस्क. आजचा एक मोठा गेम त्यात अर्धासुद्धा मावला नसता. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी घरात आली आणि कॉम्प्युटर टेबलासकट बुडाला. पण मामाला फोटो सीडीवर जाळून ठेवायची सवय होती. एक संच स्वतःकडे, आणि दुसरा रक्षाबंधनाला आला की माझ्या आईकडे साताऱ्याला. मामाकडचा संच चिखलात गेला. आजोबांचे आज आमच्याकडे जेवढे फोटो आहेत ते सगळे त्या साताऱ्याच्या सीड्यांतले. मामाला बॅकअपची थिअरी ठाऊक नव्हती. बहिणीकडे एक संच असावा, एवढंच त्याला कळत होतं. पुढे छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ३-२-१ चा नियम वाचला, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर, तेव्हा मला मामाच आठवला.

पुराचं सोडा, वीज घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी १० च्या सुमारास मुंबई आणि उपनगरांतली वीज एकदम गेली. लोकल थांबल्या, कित्येक भागांत काही तास अंधार. त्या क्षणी कोणाची फाइल सेव्ह होत होती याचा हिशेब कोण ठेवणार? घरगुती एसएसडीत सहसा अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यासाठी वेगळी सोय नसते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा. आणि उकाडा. एनव्हीएमई ड्राइव्ह फार तापली की स्वतःच वेग कमी करते. बंद खिडकीजवळ, काचेच्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या खाली ती बसली, तर तुमची जेन ५ सुद्धा दुपारी दोन वाजता वामकुक्षी घेणार. बोर्डसोबत आलेली ॲल्युमिनियमची पट्टी तिच्यावर जरूर बसवा, आणि त्याखालचं प्लास्टिकचं स्टिकर आधी काढा. (हसू नका, मी काढलं नव्हतं.)

काउंटरवर उभं राहून

दुकानात जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, कोटेशनवर कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. 'एसएसडी ५१२' हे नाव नाही, आडनाव आहे. एम डॉट टू आकारात साटाची ड्राइव्हही येते आणि एनव्हीएमईचीही. दिसायला जुळ्या बहिणी. बोर्ड कुठली घेतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

दोन, जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते तिथेच मोबाईलवर बघा. 'दुकानाची वॉरंटी' म्हणजे दुकानदाराच्या मूडची वॉरंटी.

तीन, घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ड्राइव्ह किती तास चालली आहे ते बघा. नवीनवर हजार तास दिसले तर पावली परत. अर्थात हे तासही पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असंच प्रकरण उघडकीला आलं. आधीच वापरलेल्या हार्ड डिस्क, तासांची नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. म्हणून दुकान ओळखीचं असावं, आणि बाजारभावापेक्षा फारच स्वस्त काही दिसलं तर 'का?' एवढं विचारावं. सीसीटीव्हीसाठी बनवलेली डिस्क 'चालते की पीसीला' म्हणून हातात ठेवली, तर तीही परत करावी. ती अखंड रेकॉर्डिंगसाठी घडवलेली असते.

चार, गेल्या वर्षीच्या सीनिअरचे भाव डोक्यात घेऊन जाऊ नका. २०२३ मध्ये एसएसडी अगदी स्वस्त झाल्या होत्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढायला सुरुवात केली आणि भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशिअल हा घरगुती ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे पूर्वीही झालंय. २०११ च्या पुरात थायलंडमधले कारखाने बुडाले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. पैसे कमी पडले तर काय कापायचं हा प्रश्न येणारच. माझं उत्तर ठरलेलं आहे : १ टीबीची ५१२ करा, जेन ४ ची जेन ३ करा, कॅबिनेटचे दिवे काढा. बाहेरची डिस्क कापू नका.

काहींचं म्हणणं

काही जण म्हणतील, क्लाउड आहे की! आहे, आणि वापरावाच. कोड गिटहबवर गेलाच पाहिजे. पण तिथे एक फाइल १०० एमबीच्या पुढे चालत नाही, आणि गुगलचे फुकट १५ जीबी अर्धे मेलनेच भरलेले असतात. आमचे चार हजार फोटो तिथे बसले नसते. काही म्हणतील, दोन डिस्क लावून रेड करतो. एक डिस्क मेली तर त्याने काम अडत नाही, हे खरं. पण तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलंत, तर ते दोन्हीकडून इमानेइतबारे डिलीट होतं.

आणि काही सर-मॅडम म्हणतील, मुळात गेम खेळता कशाला? सर, गेमने आमचा प्रोजेक्ट मारला नाही. त्या रात्री मी रिपोर्ट टाइप करत असतो तरी ते हेड गेलंच असतं. उलट माझी सगळ्या गाइडना एक नम्र विनंती आहे. पहिल्या रिव्ह्यूला आपण ब्लॉक डायग्रॅम विचारता, रेफरन्स विचारता. त्यासोबत एक प्रश्न विचाराल का? "दुसरी प्रत कुठे आहे, आणि कुठल्या डिस्कवर?" एका ग्रुपला एक मिनिट लागेल. डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर प्रत्येक ग्रुपला थोडी जागा मिळाली तर फारच उत्तम. जागा नाही मिळाली तरी प्रश्न विचाराच. आम्हाला कोणी विचारला असता तर मी 'ई वर आहे, सर' असं उत्तर दिलं असतं, आणि सरांनी तिथल्या तिथे माझी बिनपाण्याने केली असती. त्यातसुद्धा माझाच फायदा होता.

त्या ज्युनिअरचं कोटेशन मी दुरुस्त करून परत दिलं. शेवटच्या ओळीच्या आता दोन ओळी झाल्या आहेत. एसएसडी, नाव-गावासकट. आणि बाहेरची हार्ड डिस्क. त्याने कॅबिनेटमधले दोन फॅन कमी केले, जड अंतःकरणाने.

बोरिवलीकर अजून आमच्याच ग्रुपमध्ये आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या दोन डिस्क आहेत. एक माझ्या कपाटात असते. दुसरी दर शनिवारी ती घरी घेऊन जाते, जुन्या टिफिनच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, म्हणजे बोरिवली लोकलच्या गर्दीत धक्का लागू नये. सोमवारी परत आली की डबा माझ्या टेबलावर ठेवते आणि विचारते, "केलीस का कॉपी?"

मी आधीच केलेली असते.